अमेरिकेत शाळेच्या ग्रंथपालाची प्रायमरीतून हायस्कूलला बदली झाली तर एवढं काय बिघडतं?

अमेरिकेत शाळेत ग्रंथपाल व्हायचं तर नुसती पुस्तकांची आवड पुरत नाही. टेक्सासचंच बघा. मास्टर्स डिग्री हवी, वर्गात दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव हवा, वर परीक्षा. एवढं करून मिळणारं सर्टिफिकेट मात्र बालवाडीपासून बारावीपर्यंत चालतं. आज पाच वर्षांच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या बाई पुढच्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांच्या मुलांसमोर उभ्या राहू शकतात.

कागदावर ही साधी बदली. प्रत्यक्षात नोकरीच बदलते.

प्रायमरीत ग्रंथपाल बहुतेक ठिकाणी वेळापत्रकाला बांधलेला. जसा पीटीचा, चित्रकलेचा तास, तसा लायब्ररीचा. वर्ग लायब्ररीत आला की वर्गशिक्षिका तेवढा वेळ मोकळी. दमवणारं काम आहे, पण शाळेतलं जवळपास प्रत्येक मूल ठरलेल्या दिवशी तुमच्या दारात येतंच.

हायस्कूलला असा तास सहसा नसतोच. कोणी आलं तर आलं. मग ग्रंथपालालाच शिक्षकांच्या मागे लागावं लागतं: इतिहासाच्या निबंधासाठी वर्ग घेऊन या, डेटाबेस कसा वापरायचा ते मी शिकवते, संदर्भ कसे द्यायचे ते दाखवते. आता त्यात एआयनं दिलेले, अस्तित्वातच नसलेले संदर्भ पकडायचं कामही आलं.

पण खरी गोम कपाटात आहे.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२४ च्या सर्वाधिक आक्षेपांच्या यादीत पहिलं 'ऑल बॉइज आरन्ट ब्लू', दुसरं 'जेंडर क्वीअर' आणि तिसऱ्या क्रमांकावर विभागून नोबेलविजेत्या टोनी मॉरिसन यांचं 'द ब्लूएस्ट आय'. तिन्ही हायस्कूलच्या कपाटातली. 'पेन अमेरिका'नं २०२३-२४ या शालेय वर्षात शाळांमधल्या पुस्तकबंदीच्या १०,०४६ नोंदी केल्या, पुढच्या वर्षी ६,८७०. (एकच पुस्तक दोन ठिकाणी हटलं तर दोन नोंदी, हे व्हायरल पोस्टमध्ये कोणी सांगत नाही.) प्रायमरी सुटली असंही नाही. दोन नर पेंग्विन मिळून पिल्लू वाढवतात, एवढीच गोष्ट असलेलं 'अँड टँगो मेक्स थ्री' फ्लोरिडात कोर्टापर्यंत गेलं. तरी आक्षेपांचा मोठा भार किशोरांच्या पुस्तकांवरच आहे.

फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्यानुसार लैंगिक मजकुराचा आक्षेप आला की पाच दिवसांत पुस्तक काढायचं, चौकशी नंतर. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नव्या पुस्तकांची यादी ३० दिवस लोकांसमोर ठेवून बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते. मुलानं मांगाचा पुढचा भाग मागितला तरी तोच रस्ता. म्हणजे वर गेलेल्या ग्रंथपालाला नवं काम आणि नवी भीती एकदमच शिकावी लागते.

मग जायचं कशाला? काहींना मोठ्या मुलांसोबत काम करायचं असतं. पण प्रत्येक वेळी निर्णय त्यांचा नसतो. कोरोनाकाळात शाळांना मिळालेला सुमारे १९० अब्ज डॉलरचा केंद्रीय निधी २०२४ मध्ये संपला, बजेट आवळलं गेलं, आणि सगळ्या इयत्तांना चालणारं सर्टिफिकेट असलेला माणूस हलवणं प्रशासनाला सोपं. ह्यूस्टनमध्ये २०२३ ला राज्य सरकारनं शाळांचा कारभार हातात घेतल्यावर २८ शाळांमधली ग्रंथपालाची पदंच काढली. त्यांना जिल्ह्यातल्या दुसऱ्या कामांसाठी अर्ज करायला सांगितलं.

आपल्याकडे हा प्रश्न येतच नाही, कारण ग्रंथपालाचं पद माध्यमिक शाळांपुरतंच. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पुस्तकांची पेटी गुरुजीच सांभाळतात.

तिकडे पालकांची काळजी वेगळी आहे. प्रायमरीतल्या बाई वर गेल्या आणि जागा भरली नाही, तर काउंटरवर मदतनीस बसतो. पुस्तक मिळतं, परतही घेतलं जातं. पण दुसरीतल्या वाचायला कंटाळणाऱ्या पोराला नेमकं कुठलं पुस्तक द्यायचं, हे ओळखणारं माणूस आता तीन किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये खरेदीची यादी मंजूर व्हायची वाट बघत असतं.