स्वमग्न कोण : मूल की शासन?

ऑटिझमला मराठीने ‘स्वमग्नता’ हा शब्द दिला आणि नकळत त्या मुलांवर एक आरोपच ठेवला. जणू हे मूल स्वतःतच रमलेले आहे, जगाशी त्याला कर्तव्य नाही! वस्तुस्थिती बहुतेकदा नेमकी उलटी असते. जग त्याच्यावर अहोरात्र आदळत असते. कुकरची शिट्टी, मिरवणुकीतला ढोल, गणवेशाच्या कॉलरची शिवण, शेजारच्या डब्यातल्या भाजीचा वास : आपण ज्याची दखलही घेत नाही, ते त्याला बाजूला सारता येत नाही. शिवाय आपला पाय नेमका कोठे पडतो आहे, याची खबर अनेकांना शरीराकडून पुरेशी मिळत नाही. म्हणून जिना उतरणे, बटण लावणे, पेन्सिल धरणे या रोजच्या लढाया होतात. मग मूल कानांवर हात घट्ट दाबते, गरगर फिरते, भररस्त्यात लोळण घेते, आणि भोवतालची सज्जन मंडळी निकाल देतात, ‘आईने लाडावून ठेवले!’

आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही खोड केवळ आपली नव्हे. ब्रुनो बेटलहाइम यांनी अमेरिकेत १९६७ साली ग्रंथ लिहून हाच दोष आईबापांच्या माथी मारला. वास्तविक त्याच्या तीन वर्षे आधी बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने (तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता) या अवस्थेचे मूळ शारीरिक आहे, असे साधार मांडले होते. शास्त्राने बेटलहाइमांना केव्हाच निरोप दिला. आपल्याकडच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत मात्र ते अद्याप खुर्ची अडवून बसले आहेत.

शासन काय करते? ते मोजते. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यातील २१ अपंगत्वांत तो आला. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही मिळाला. परंतु ज्याला वर्गातला गोंगाट सोसवत नाही आणि पेन्सिल धरवत नाही, त्याला बाकावर जागा दिली की हक्क पुरा झाला काय? त्याला हवा असतो व्यवसायोपचार : आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षे, धीराने चालणारा. आणि हा उपचार बव्हंशी बाजारात तासाच्या भावाने विकला जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराने तो कोणत्या मजुरीतून विकत घ्यावा? सुरगाण्याच्या आदिवासी मातेने पोर कडेवर घेऊन दर आठवड्याला नाशिक गाठावे काय? निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा विमा आहे, हे खरे; पण जेथे उपचारकच नाही, तेथे विम्याचा कागद घेऊन जायचे कोणाकडे?

नाशिकला या कामाची परंपरा नाही, असे मुळीच नाही. स्वतःच्या मुलासाठी धडपडणाऱ्या रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये येथे मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी उभी केली. अशा मातांचे सत्कार करायला पुढारी तत्परतेने येतात. शासनाने करावयाचे काम एका मातेला का करावे लागले, हा प्रश्न मात्र शालश्रीफळाखाली झाकला जातो. सेवाभाव थोर खराच. पण सेवाभावावर हक्क उभा राहत नाही, आणि पगारी माणसाच्या जागी घरातली बाई फुकट राबते म्हणूनच शासनाचा खर्च वाचतो. त्या राबण्यात तिची नोकरी, झोप आणि पाठीचा कणा जातो, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

‘पैसा नाही’ हे उत्तर निदान या शहराने तरी देऊ नये. सिंहस्थासाठी येथे हजारो कोटींचे आराखडे होतात. भाविकांना घाट, रस्ते, पाणी मिळावेच. त्याबद्दल तक्रार नाही. पण महापालिकेच्या सहा विभागांत प्रत्येकी एक मोफत उपचार केंद्र, त्यात कायम पगारावर नेमलेले व्यवसायोपचारक, आणि जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांत ग्रामीण रुग्णालयाला जोडून तशीच व्यवस्था, एवढी मागणी अवास्तव कशी ठरते? पुढील अंदाजपत्रक येईल तेव्हा ही तरतूद कोणत्या शीर्षाखाली आहे, हे प्रत्येक वाचकाने आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखीच मागावे.