लेबलवरची वरची ओळ

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी लातूरला मावशीकडे होतो, आणि दुसऱ्या शनिवारी तिथे जे कळलं त्याचाच विचार करत बसलो होतो. म्हटलं, आता लिहूनच टाकू. विषय तसा किरकोळ आहे: हौशी लोकांच्या बॅटरी चार्जरसाठी स्वस्तातला पॉवर सप्लाय कोणता घ्यावा? पण किरकोळ विषयातच माणूस तोंडावर आपटतो.

माझा मावसभाऊ लातूरला डिप्लोमा करतोय. सध्या त्याला रिमोटच्या विमानांचं वेड लागलंय. थर्माकोलचं विमान, चायनीज मोटर, ३ सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी. (वेड घराण्यातच आहे म्हणा. मीही नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करताना हेच धंदे केलेत.) चार्जर त्याने ऑनलाइन मागवला, नेहमीचा आयमॅक्स बी ६. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लागत नाही. त्याला ११ ते १८ व्होल्ट डीसी लागतो. तो कुठून आणायचा, एवढाच प्रश्न.

त्याने विचारलं, "दादा, पॉवर सप्लाय कोणता घेऊ? बजेट हजार." मी पुण्यात, ऑफिसची मीटिंग चालू. टेबलाखालून एका ओळीत उत्तर दिलं, "१२ व्होल्ट २० अँपिअरचा एलईडी-पट्टीवाला एसएमपीएस घे, कुठलाही."

ह्या एका ओळीत तीन चुका आहेत. दोन लिहिलेल्या आणि एक न लिहिलेली.

पहिली चूक, २० अँपिअर. जरा गणित करू. बी ६ जास्तीत जास्त ५० वॅट देतो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत ६२-६३ वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टला साधारण सव्वापाच अँपिअर. भावाची बॅटरी तर २.२ अँपिअरने चार्ज होते आणि शेवटी १२.६ व्होल्टला पोचते, म्हणजे जेमतेम २८ वॅट. ८-१० अँपिअरचा सप्लाय रग्गड झाला. सप्लायचे अँपिअर जास्त असले म्हणून ते चार्जरमध्ये घुसत नाहीत, चार्जर त्याला लागेल तेवढेच ओढतो. मग उगाच २० कशाला? एकाच किमतीचे दोन डबे समोर असतील, एकावर २० लिहिलंय आणि दुसऱ्यावर ८, तर दुसरा खरं बोलत असण्याची शक्यता जास्त. अँपिअर छापायला शाई सारखीच लागते :)

दुसरी चूक, 'कुठलाही'. ही माझ्या मते सगळ्यात जास्त लोक करतात. सप्लाय घेताना आपण सगळे लेबलवर आउटपुटची ओळ वाचतो. तिच्या वर इनपुटची ओळ असते, ती कुणी वाचत नाही. पुण्या-मुंबईत चालून जातं. आपल्याकडे आधी तीच वाचायला पाहिजे.

इनपुटच्या हिशोबाने हे सप्लाय दोन प्रकारचे असतात. एकाला बाजूला लाल सरकता स्विच असतो, ११०/२२० चा. तो २२० वर ठेवला की सप्लाय साधारण १८० ते २६४ व्होल्टवर चालतो. दुसऱ्याला स्विच नसतो. लेबलवर ८५ किंवा ९० ते २६४ अशी सलग रेंज लिहिलेली असते. आता आमच्या मामाचं गाव औसा तालुक्यात. विमान उडवायला मोकळं रान तिथेच, त्यामुळे भावाचं सगळं सामान तिथेच जातं. रब्बीत संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो. मी स्वतः तिथे मीटरवर १६५ व्होल्ट वाचलेत. तिथे लाल स्विचवाला सप्लाय धडपडतो, मधेच बंद पडतो, चार्जर एरर दाखवून थांबतो आणि बॅटरी अर्धवट राहते.

मग माणसाचं डोकं चालतं: व्होल्टेज कमी आहे ना, स्विच ११० वर सरकवू! कृपा करून हे करू नका. ११० वर ठेवलं की आतले दोन कपॅसिटर व्होल्टेज दुप्पट करून घेतात. त्या जागी १३२ च्या वरचं इनपुट चालतच नाही. १६५ सुद्धा जास्त आहे, आणि रात्री मोटरी बंद होऊन २४० आले की धडामकन आवाज येतो.

म्हणून फुल रेंजवालाच घ्यावा. उदाहरण द्यायचं तर मीनवेलचा एलआरएस-१००-१२ : इनपुट ८५ ते २६४, आउटपुट १२ व्होल्ट ८.५ अँपिअर. (जाहिरात नाही, लेबल असं स्वच्छ वाचता यावं म्हणून सांगतोय.) आपल्याला पाहिजे तेवढाच, ना कमी ना जास्त.

"पण दादा, फुकटातलं काही नाही का?" आहे की. तीन गोष्टी घरातच सापडतात.

जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस: हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो, पिवळी १२ व्होल्ट. कॉलेजात मी हेच वापरलं. पण बरेच जुने एसएमपीएस ५ व्होल्टच्या लाइनवर थोडा लोड दिल्याशिवाय १२ नीट धरत नाहीत. लाल आणि काळी वायरमध्ये १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर टाकावा लागतो. आणि त्यांच्याही मागे बहुतेक वेळा तोच लाल स्विच असतो.

लॅपटॉपचा अॅडाप्टर: हा बहुतेक फुल रेंज असतो, पण आउटपुट १९ व्होल्ट, आणि जुन्या बी ६ ची मर्यादा १८. "चालतंय की" म्हणणारे भेटतील, माझा भरवसा नाही. कुणाकडे जुन्या आयबीएम थिंकपॅडचा १६ व्होल्ट ४.५ अँपिअरचा अॅडाप्टर पडला असेल तर मात्र लॉटरी लागली समजा.

तिसरी, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. आम्ही भारनियमनात वाढलेली पोरं. घरोघरी १२ व्होल्टची भली मोठी बॅटरी कोपऱ्यात बसलेली असते आणि आपण १२ व्होल्ट शोधत बाजार फिरतो! तिला चार्जर थेट जोडता येतो. २२०० ची लिपो भरायला त्या १५० एएचमधले अडीच-तीन एएच जातात, म्हणजे काहीच नाही. व्होल्टेज कमी असो की लाइट गेलेली असो, फरक पडत नाही. फक्त बॅटरीच्या टर्मिनलजवळच १० अँपिअरचा फ्यूज हवाच, आणि दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची सिस्टिम असेल तर एकीतूनच काढू नका, दोन्हींचा तोल बिघडतो.

आता तिसरी चूक, जी मी लिहिलीच नाही.

सप्लाय आला, चार्जिंग सुरू झालं. आठवड्याने भावाचा मेसेज : "दादा, मस्त चालतंय. फक्त बॉडीला हात लागला की मुंग्या यायल्यात. नॉर्मल आहे का?"

त्या शनिवारी लातूर गाठलं. बघतो तर सप्लायला दोन पिनांची वायर, अर्थचा स्क्रू रिकामा. ह्या सप्लायमध्ये गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर तो किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहते. करंट अगदी कमी म्हणून मुंग्यांवर भागतं. पण उद्या आतली एखादी वायर सुटून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडणार नाही आणि बॉडीवर सरळ २३० उभे राहतील. मी भावाला झापलं आणि तीन पिनांची वायर लावली. मुंग्या तशाच! टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला, पेटला नाही. बोर्ड उघडला. सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. आख्ख्या घरात नव्हती.

आमची खुडबुड ऐकून मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यात काय एवढं? वॉशिंग मशीनला तर पहिल्यापासून यायल्यात मुंग्या. म्हणून तर मी चप्पल घालूनच कपडे टाकते."

मंडळी, मी गप्प बसलो. घरात एक इंजिनिअर आणि एक होऊ घातलेला इंजिनिअर, आणि बाईमाणूस इतकी वर्षं चप्पल घालून स्वतःला वाचवतंय. मी त्या घरात दिवाळ्या काढल्यात, मशीनला टेकून गप्पा मारल्यात, पायात चप्पल असायची म्हणून कधी कळलं नाही.

सोमवारी इलेक्ट्रिशियन आला. अंगणात खड्डा, प्लेट, कोळसा, मीठ, सगळ्या बोर्डांना हिरवी वायर, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायला सांगितलंय, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मे महिन्यात खड्ड्याला कोण पाणी घालणार हा प्रश्न आहेच. म्हणूनच आरसीसीबी. अर्थिंग कमजोर पडलं तरी अंगातून करंट जायला लागला की तो लाइन तोडतो. सगळा खर्च सप्लायच्या कितीतरी पट झाला. मावसोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण पैसे दिले.

तर माझं मत असं. 'स्वस्त पॉवर सप्लाय' ही डब्याची किंमत नाही. आधी सॉकेटचं तिसरं भोक तपासा, मग लेबलवरची इनपुटची ओळ वाचा, आणि सगळ्यात शेवटी अँपिअर मोजा. पैसे कमी पडले तर अँपिअर कमी करा, बाकी दोन्हींत काटकसर नको.

आणि कुणी विचारलं, "कोणता घेऊ?" तर एका ओळीत उत्तर देण्याआधी एवढं विचारा, "तुमच्या घरी मशीनला हात लावला की मुंग्या येतात का?" बघा, किती घरांतून हो येतं.