उभ्या गाडीचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिकेतला ट्रकड्रायव्हर आपल्याकडच्या प्राध्यापकापेक्षा जास्त कमावतो, असे वाक्य वसतिगृहात वरचेवर ऐकू येते. मोबाइलवर तिकडच्या एखाद्या पंजाबी चालकाची चकचकीत गाडी दिसते, कोणीतरी डॉलरचे रुपये करतो आणि ऐकणारे थक्क होतात. आकडा खोटा नाही. अमेरिकी सरकारच्या श्रम-सांख्यिकी विभागाच्या नोंदीनुसार मे २०२४ मध्ये जड ट्रक चालवणाऱ्यांचे मध्यक वार्षिक वेतन ५७,४४० डॉलर होते. म्हणजे निम्म्यांना याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. डॉलरला ८५ रुपये धरले तर ४८ लाख ८२ हजार रुपये! पण हा नुसता गुणाकार झाला. त्या चालकाला घरभाडे, दवाखाना आणि पावसुद्धा डॉलर मोजूनच घ्यावा लागतो. तुलना करायचीच तर गाडीच्या एकूण खर्चात माणसाचा वाटा किती, याची करावी असे मला वाटते.

अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था दरवर्षी असा हिशेब मांडते. २०२३ साली तिथे ट्रक एक मैल चालवायला २ डॉलर २७ सेंट खर्च आला. त्यात चालकाचे वेतन आणि इतर लाभ मिळून ९७ सेंट, तर डिझेल ५५ सेंट. खर्चातली सर्वांत मोठी बाब म्हणजे माणूस.

आता आपल्याकडे पाहू. माझे वडील ट्रकचालक आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, त्यामुळे पुस्तकातले अर्थशास्त्र घरातल्या अर्थशास्त्राशी ताडून पाहण्याची खोड मला लागली आहे. वडील नाशिक जिल्ह्यातून कांदा भरून दिल्लीला जातात. अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास, गाडीत वीस टन माल. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर चालली तर सव्वातीनशे लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले तरी २९ हजारांवर रक्कम डिझेलमध्येच जाते. वडिलांना महिना १८ हजार पगार आणि रोजचा ४०० रुपये भत्ता. महिन्याकाठी जाऊन-येऊन तीन फेऱ्या होतात, म्हणजे एका बाजूला पाच दिवस. त्या पाच दिवसांचा पगार तीन हजार, भत्ता दोन हजार. डिझेल २९ हजार आणि माणूस पाच हजार!

बरे, डिझेल तिकडे फुकट मिळते असेही नाही. २०२४ साली अमेरिकेत ते सरासरी पावणेचार डॉलर गॅलन होते आणि तिकडचा गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. म्हणजे लिटरला एक डॉलर, आपल्या पंपावरच्या भावापेक्षा थोडेसेच कमी. तेलाचा भाव दोन्ही देशांत जवळपास सारखा आहे. फरक पडतो तो फक्त गाडी चालवणाऱ्याच्या भावात.

याचा परिणाम पगारापुरता राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. जी वस्तू स्वस्त असते ती कोणी जपून वापरत नाही. आमचे पाच दिवस म्हणजे पाच दिवस गाडी चालते असे नव्हे. ती चालते जेमतेम तीन दिवस. उरलेला वेळ भरायला रांग, उतरवायला रांग, वाराईवरून हुज्जत आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत दलालाच्या कार्यालयाबाहेर मुक्काम. गेल्या उन्हाळ्यात परतीचा माल भरायला एका कारखान्याच्या फाटकाबाहेर वडिलांनी चव्वेचाळीस तास काढले. तिथे ना नळ होता ना संडास. गाडीच्या सावलीत ताडपत्री अंथरून झोपायचे आणि रांग सरकली की उठून गाडी पुढे घ्यायची. कारखान्याला तेवढ्या वेळापुरते बिनभाड्याचे गोदाम मिळाले. मी घरी चिडून बोललो तेव्हा वडील म्हणाले, "अरे, गाडी चालवायची मजुरी असते. उभं राहायची कोण देणार?"

मालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण वडिलांच्या मालकाच्या तीनच गाड्या आहेत, आणि तेही एकेकाळी स्टिअरिंगवरच होते. बँकेचा हप्ता, विमा, टायर, टोल यांतून त्यांच्या हाती काय राहते ते त्यांनाच ठाऊक. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. भाडे ते ठरवत नाहीत, ते दलाल आणि व्यापारी ठरवतात.

अमेरिका म्हणजे चालकांचा स्वर्ग आहे, असेही मी मानत नाही. तिथे बहुतेकांना मैलावर पैसे मिळतात, त्यामुळे गोदामाच्या दारात गेलेले तास अनेकदा फुकटच जातात. जादा कामाच्या दीडपट मजुरीतून या चालकांना १९३८ च्या कायद्यानेच वगळले आहे. मात्र दिवसात अकरा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही हा नियम तिथे कडक आहे, आणि २०१७ च्या डिसेंबरपासून त्याची नोंद गाडीतले यंत्र ठेवते. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने याहून चांगली मर्यादा घातली होती: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू केला गेला. दोन-तीन गाड्यांचा मालक त्यात बसतच नव्हता, आणि रस्त्यावरच्या पुष्कळशा गाड्या अशाच मालकांच्या! २०२० साली हा कायदा नव्या संहितेत सामावून घेतला. वडिलांना मात्र यातला जुना कायदाही कोणी कधी सांगितलेला नव्हता.

'हे श्रीमंत देशांचे चोचले' असे म्हणणाऱ्यांनी ब्राझीलकडे पाहावे. त्या देशाने २०१५ साली कायदा केला: माल भरायला किंवा उतरवायला पाच तासांपेक्षा जास्त वेळ लागला, तर प्रत्येक तासाला टनामागे ठरावीक रक्कम वाहतूकदाराला द्यावी लागते. ती तेव्हा १ रेआल ३८ सेंताव्हो होती आणि महागाईप्रमाणे वाढवायची होती. रक्कम लहान आहे, पण तिने उभ्या राहण्याला भाव दिला. आपल्याकडे बिल्टीवर खोळंब्याची अट कधी छापलेली असते, पण तिचे पैसे मालकाच्या हाती पडल्याचे आणि त्यातले चालकाला मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

याने महागाई वाढेल, असा आक्षेप वर्गात आला होता. हिशेब करू. दिल्लीच्या एका खेपेला चालकाचे दोन हजार रुपये वाढवले तर वीस टनांवर किलोला दहा पैसे पडतात. कांद्याचा भाव आठवड्यात किलोला दहा रुपयांनी हललेला आपण सर्वांनी पाहिला आहे, आणि तो चालकामुळे हललेला नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपले अर्थशास्त्र मंडळ दरवर्षी सहलीला जाते. या वर्षी सहलीऐवजी दोन दिवस बाजार समितीच्या फाटकावर पाळीपाळीने बसावे आणि प्रत्येक गाडी आत कधी आली, रिकामी किंवा भरून बाहेर कधी पडली, एवढेच वहीत उतरवावे. चहाची सोय तिथे आहे, आणि रात्रपाळीला मी तयार आहे.