दोन इंच मोठा बॉक्स आणि दुप्पट बिल

दिवाळीच्या ऑर्डर सुरू झाल्या की घरून फराळ विकणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, माल दीड किलोचा, मग कुरिअरवाल्याने चार किलोचे पैसे का लावले?" पुढचं वाक्यही ठरलेलं, "हे लोक लुटतात."

माझं मत सरळ सांगतो. बहुतेक वेळा कुरिअरवाला लुटत नाही. आपणच बॉक्समधून हवा पाठवतो आणि तिचं भाडं भरतो.

हलका माल असेल तर गाडीतली जागा आधी संपते, वजन नंतर. म्हणून कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकाराचं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक वेट म्हणतात. जो आकडा मोठा, त्याचं बिल. आकाराचं वजन म्हणजे शाळेतलं घनफळच: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला भागिले ५०००. आलेला आकडा किलोत. (काही कंपन्या याहून लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन अजून वाढतं. आपलं रेट कार्ड एकदा नीट वाचा.)

आता सगळ्या बाजू सारख्या असलेले दोन बॉक्स घ्या, ८ इंची आणि १० इंची. शेजारी ठेवले तर दोनच इंचांचा फरक. आपण म्हणतो, "असू दे, मोठाच घेऊ, सगळं बसेल." पण ८ चा घन ५१२ आणि १० चा घन १०००. बाजू पाव पटीने वाढली, घनफळ जवळजवळ दुप्पट!

अजून एक गंमत. बॉक्सवाला सांगतो ते माप बहुतेकदा आतलं असतं, कुरिअरवाला मोजतो बाहेरून. पुठ्ठ्याची जाडी धरली की ८ इंची बॉक्स बाहेरून साधारण २१ सेंटीमीटर होतो. घनफळ ९२६१, वजन १.८५ किलो. १० इंची होतो २६ सेंटीमीटर. घनफळ १७५७६, वजन ३.५२ किलो. अर्ध्या किलोचे स्लॅब असतील तर पहिला २ किलोत बसला. दुसरा ३.५ च्या जरासा पुढे गेला आणि थेट ४ किलोत पडला. आत माल तोच, दीड किलो.

समजा स्लॅबला ४० रुपये दर आहे. एकाचं बिल १६०, दुसऱ्याचं ३२०, वर १८ टक्के जीएसटी. सिझनला २०० पार्सल गेली तर जीएसटी सोडून ३२,००० रुपये फक्त बॉक्सच्या निवडीत गेले. फराळाच्या धंद्यात एवढं मार्जिन कमवायला किती चकल्या तळाव्या लागतात, ते तुम्हीच मला सांगा. आणि वरून आपण "फ्री डिलिव्हरी" लिहून मोकळे! बीबीएला आम्हाला कॉस्टिंगचे पेपर होते, पण टेप घेऊन बॉक्स मोजायला कुणी शिकवलं नाही.

म्हणून बॉक्स इतका घट्ट घ्यायचा की लाडवांचा चुरा होईल, असंही नको. चकली आणि काचेच्या बरणीला चहूबाजूंनी बबल रॅपची जागा लागतेच, ती सोडा. पण आधी माल डब्यात भरा, डबे मांडून मोजा, मग बॉक्सची ऑर्डर द्या. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. घरात मोठेच बॉक्स पडून असतील तर चारही कोपरे खाली चिरा आणि फ्लॅप दुमडून उंची कमी करा. तोच २६ चा बॉक्स १७ सेंटीमीटर उंच केला तर वजन २.३ किलो होतं, म्हणजे अडीचचा स्लॅब.

आणि टेप लावल्यावर बॉक्सचं पोट फुगलं असेल तर माप फुगलेल्या जागेवरूनच घेतलं जातं. तिन्ही बाजूंना टेप लावून फोटो काढून ठेवा, बिलावरून वाद झाला तर तोच कामाला येतो.