जुन्या नसेवर खापर, सुपारीला माफी

तोंडाच्या कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण मागे वळून कारण शोधू लागला की त्याला एखादे जुने दुखणे हमखास आठवते. कधीतरी चेहरा वाकडा झाला होता. कधी गालातून विजेसारखी कळ जात असे. ‘त्या नसेच्या आजारातूनच हे उद्भवले का?’ हा त्याचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु विज्ञानवार्ता लिहिणारेही ‘चेताविकार आणि कर्करोग यांत संबंध’ असा मथळा देऊन मोकळे होतात, तेव्हा आक्षेप घ्यावाच लागतो. सामान्य वाचक ‘संबंध’ हा शब्द ‘कारण’ असाच वाचतो, आणि तेवढ्यात खरे कारण निसटून जाते.

आधी शरीररचना पाहू. गालातून कळ जाण्याच्या विकारात, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियात, बहुधा एखादी रक्तवाहिनी पाचव्या चेतेच्या मुळावर दाब देत असते. वेदना गालात जाणवते, बिघाड कवटीच्या आत असतो. बेल्स पाल्सीत सातवी चेता हाडातल्या अरुंद मार्गात सुजते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. तोंडाचा कर्करोग मात्र जवळजवळ नेहमीच अस्तरातील पट्टकी पेशींत सुरू होतो. वरील दोन विकार त्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, असे मानण्यास आधार नाही. ती इजा तंबाखूतील नायट्रोसअमाइन्स करतात, आणि सुपारीही करते. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. देशातील सर्वाधिक सुपारी पिकवणाऱ्या कर्नाटकाच्या राजधानीत बसून जुन्या नसेवर संशय घेणे सोयीचे आहे, शास्त्रीय नाही.

मग आकडेवारीत कधी ‘संबंध’ दिसलाच, तर तो कुठून येऊ शकतो? विद्यार्थ्यांनी तीन वाटा ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मधला दुवा. दाढ दुखते असे समजून तंबाखूची चिमूट किंवा मिश्री दाबून धरणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. अशा वेळी वेदनेमागून तंबाखू येते आणि तंबाखूमागून कर्करोग. दुसरी, निदानातील पक्षपात. चेहरा दुखणारा रुग्ण दंतवैद्याकडे वारंवार जातो, म्हणून त्याचे तोंड अधिक वेळा तपासले जाते.

तिसरी वाट सर्वांत गंभीर आहे: उलटा कालक्रम. तोंडाची गाठ चेतेच्या आवरणालगत पसरू शकते. हनुवटी किंवा ओठ बधिर होणे, जीभ जड वाटणे, आठवड्यागणिक हळूहळू वाढत जाणारा आणि न भरून येणारा चेहऱ्याचा लुळेपणा ही कर्करोगाचीच लक्षणे असू शकतात. म्हणजे ज्याला आपण ‘पूर्वीचा चेताविकार’ म्हणतो, तो कित्येकदा पूर्वीचा नसतोच. न ओळखलेला कर्करोग असतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, ही इथे केवळ तर्कशास्त्राची चर्चा उरत नाही. वेदनाशामक गोळ्यांत गेलेले महिने रुग्णाला परत मिळत नाहीत.

यावर कोणी २०२० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाकडे बोट दाखवील. पी५३ जनुक गमावलेल्या तोंडाच्या कर्करोगपेशी भोवतालच्या संवेदी चेतांचे स्वरूप पालटतात आणि त्या पालटलेल्या चेता गाठीच्या वाढीस हातभार लावतात, असे उंदरांवरील त्या प्रयोगांतून दिसले. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण त्यातली दिशा पाहा. आधी गाठ, मग चेतेतील बदल. वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या बेल्स पाल्सीबद्दल तो काहीच सांगत नाही.

शंका उरत असेल तर ती तपासण्याचा मार्ग आहे. बेंगळुरूत निम्हान्स आणि किदवई कर्करोग संस्था शेजारी-शेजारी उभ्या आहेत. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात १९८२ पासून नोंद ठेवणाऱ्या पहिल्या तीन शहरी नोंदण्यांत मुंबई आणि चेन्नईसोबत बेंगळुरू आहे. चेताविकाराच्या रुग्णांच्या नोंदी, त्यांची गोपनीयता राखून, कर्करोग नोंदणीशी जोडाव्यात. तंबाखू-सुपारीची सवय हिशेबात घ्यावी. आणि चेताविकारानंतरच्या पहिल्या वर्षात आढळलेले कर्करोग वेगळे मोजावेत, कारण ते आधीपासूनच तिथे असण्याची शक्यता मोठी. एवढे केल्यावरही काही उरले, तर खुशाल मथळा द्यावा.

तोवर करण्याजोगे काम साधे आहे. चेहऱ्याची बधिरता किंवा कळ घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या तोंडात विजेरी लावून पाहावे, जीभ उचलून खालची बाजू पाहावी, गालाचे अस्तर बोटाने चाचपावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण तज्ज्ञाला दाखवावा. केवळ डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, हे तिरुवनंतपुरम येथील चाचणीने २००५ साली दाखवून दिले आहे.

‘माझ्या जुन्या आजाराने हे झाले का?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला दोष देऊ नये. त्याला दोनच प्रश्न परत विचारावेत: ती बधिरता पूर्ण गेली होती का? आणि गालात काय धरत होता?