पूर्वसमुद्र आणि पश्चिमसमुद्र

आपला देश तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला आहे, हें वाक्य आपण सर्वांनीं लहानपणीं घोकलें आहे. तथापि त्या तिन्ही बाजूंचा समुद्र एका स्वभावाचा नाहीं, ही गोष्ट त्या पाठांत येत नाहीं. पूर्वीं त्यावांचून कोणाचें अडतही नसे. देशावरचा मनुष्य जन्मांत एकदां काशी-रामेश्वर करी, समुद्रास नमस्कार करून तीन बुड्या मारी व परत फिरे. आतां तसें राहिलें नाहीं. यंदा दिवाळीच्या सुटींत जें कुटुंब दापोली-गुहागरास जातें, तेंच पुढच्या वर्षीं जगन्नाथपुरीस किंवा विशाखापट्टणास उतरतें. मुलें पाण्यांत शिरतात, आणि वडील मंडळी ‘आम्हांला समुद्र नवा नाहीं’ या भरंवशावर वाळूंत निश्चिंत बसतात. या भरंवशाचें थोडें परीक्षण या महिन्यांत करावें, असें योजिलें आहे.

कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचा दिग्विजय वर्णिला आहे, तो संस्कृत वाचकांच्या परिचयाचा आहे. रघु प्रथम पूर्वेस जाऊन ताडांच्या वनांनीं काळसर दिसणाऱ्या महोदधीच्या तीरास पोंचतो. तेथून कलिंग, कावेरी व पांड्यदेश असा दक्षिणेस उतरून, सह्याद्रीच्या अंगानें अपरान्तांत, म्हणजे आपल्या कोंकणांत, येतो. पूर्वेस ताडांची रांग आणि पश्चिमेस सह्याद्रीची भिंत, हा दोन किनाऱ्यांमधील मुख्य भेद कवीनें अचूक टिपला आहे. दख्खनचें पठार पूर्वेकडे उतरतें आहे. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगम पावते. तेथून पश्चिमसमुद्र शंभर किलोमीटरांच्या आंत आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारें १४६५ किलोमीटर चालत जाते आणि पूर्वसमुद्रास मिळते. महानदी, कृष्णा, कावेरी यांचीही तीच रीत. या नद्यांनीं युगानुयुगें आणून टाकलेल्या गाळावाळूचा पूर्वकिनारा बनला आहे; म्हणून तो लांबच लांब, सरळ व उघडा आहे. पश्चिमेस सह्याद्रीचे फांटे थेट पाण्यांत उतरतात. त्यामुळें आपला किनारा डोंगराच्या दोन नाकाडांमध्यें लपलेल्या लहान लहान पुळणींचा व खाड्यांचा आहे. पोहणाऱ्याच्या दृष्टीनें पुढील सर्व फरक या रचनेंतून व समुद्रतळाच्या उतारांतून निघतात.

पश्चिमसमुद्राचें पहिलें लक्षण म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईस उधाणाच्या दिवशीं पाणी ४ ते ५ मीटर चढतें-उतरतें; खंबायतच्या आखातांत भावनगराकडे हा फरक १० मीटरांपर्यंत जातो; रत्नागिरीकडे तो कमी होत होत अडीच मीटरांच्या आसपास येतो. माझ्या नोकरीचीं बरींच वर्षें कोंकणांतील एका खाडीकांठच्या गांवीं गेलीं. तेथें एक वृद्ध कोळी मला म्हणे, “गुरुजी, पंचांग तुमचं, पाणी आमचं, पण हिशेब एकच.” हा हिशेब असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल, तितके वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पूर्ण भरती, व दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस हिशेब सवाअकरावर येतो. म्हणजे मध्यान्हीं व मध्यरात्रीं भरती. गांवोगांवीं अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, परंतु नियम ढळत नाहीं.

याच हिशेबानें एका जुन्या कविसंकेताचीही संगति लागते. चंद्रोदय पाहून समुद्र उचंबळतो, असें आपले कवि सांगतात. पौर्णिमेस चंद्र सूर्यास्ताबरोबर उगवतो. त्या वेळीं कोंकणांत ओहोटी संपत आलेली असते व पाणी चढूं लागतें. संकेत म्हणून पाठ केलेली गोष्ट पश्चिमकिनाऱ्यावर डोळ्यांनीं पाहतां येते. आणखी एक विचार मनांत येतो. समुद्रस्नानास आपल्याकडे पर्वकाळ सांगितला आहे, आणि अमावास्या-पौर्णिमा हींच उधाणाचीं तिथि. म्हणजे ज्या दिवशीं पाणी सर्वांत अधिक चढतें-उतरतें, नेमक्या त्याच दिवशीं किनाऱ्यावर सर्वांत अधिक गर्दी होते. पर्व अवश्य पाळावें. त्याबरोबर घटकाही पाहावी.

ओहोटीच्या वेळीं आपल्या पुळणी फार सौम्य दिसतात. पाणी दूर गेलेलें असतें, ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते. मुलें चालत चालत आंत जातात व एखाद्या उंचवट्यावर खेळत बसतात. भरती लागली म्हणजे पाणी आधीं त्या उंचवट्याच्या पाठीमागच्या सखल भागांत भरतें, आणि परतीच्या वाटेवर पुरुषभर पाणी केव्हां झालें, हें समजतही नाहीं. खाडीच्या मुखाशीं याच्या उलट प्रकार घडतो. तेथें ओहोटीच्या वेळीं सबंध खाडीचें पाणी अरुंद वाटेनें बाहेर पडतें, आणि तरबेज पोहणाराही त्या ओघाविरुद्ध टिकत नाहीं. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटींतच करावी, असा जो तेथील दंडक आहे, त्याचें कारण भरतीचें पाणी व लाटा त्या खडकाळ वाटेवर येतात, हें आहे.

‘पावसाळा नसला म्हणजे भय नाहीं’ असें मानणाऱ्यांनीं एक तारीख लक्षांत ठेवावी. २०१६ सालीं १ फेब्रुवारीस मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीं पौर्णिमा नव्हती, अमावास्या नव्हती, पावसाळाही नव्हता. चौदा घरांतील दिवे एका दुपारीं विझले. यापुढें अधिक लिहवत नाहीं.

आतां पूर्वेकडे वळूं. आपला तिथीचा हिशेब घेऊन कोणी चेन्नईस गेला, तर त्याचा तेथें फारसा उपयोग नाहीं. तेथें पाण्याचा चढउतार जेमतेम १ मीटर. किनारा सकाळीं जेथें, सायंकाळींही जवळजवळ तेथेंच. ओडिशाच्या उत्तरेस चांदीपूर येथें ओहोटीच्या वेळीं समुद्र कित्येक किलोमीटर मागें सरतो, हा त्या बाजूचा अपवाद. एरव्हीं पूर्वसमुद्राचें बळ भरतींत नाहीं. तें लाटेंत आहे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ सुमारें ३०० किलोमीटरपर्यंत पसरला आहे. पूर्वेस त्याची रुंदी बहुतेक ठिकाणीं याच्या अल्पांशानेंच भरते. कांठाजवळील उतारही तेथें पुष्कळ ठिकाणीं तीव्र आहे. म्हणून लाट दूरवर फुटून फेसाळत येत नाहीं. ती कांठाशीं येऊन उभी राहते आणि एकदम कोसळते. गुडघाभर पाण्यांत उभा असलेला मनुष्य तिच्या तडाख्यानें पडतो, आणि परतणारें पाणी त्याच्या पायांखालची वाळू काढून नेतें.

या लाटांचें वळण जुन्या मद्रासच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. बंदर होण्यापूर्वीं तेथें जहाजें दूर उभीं राहत, व माणसें आणि माल मसुला नांवाच्या होड्यांतून कांठास येई. या होड्यांच्या फळ्यांस खिळे मारीत नसत. त्या काथ्यानें शिवलेल्या असत. खिळ्यांनीं ताठ जखडलेली होडी तेथील लाटेंत फुटे. शिवलेली होडी लवे व वांचे. पुढें १८७५ च्या सुमारास बंदराच्या भिंतींचें काम सुरू झालें. १८८१ च्या वादळानें त्या मोडल्या, व पुन्हा बांधाव्या लागल्या. या भिंती समुद्रांत गेल्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाणारी वाळू त्यांना अडली. दक्षिणेस मरीनाची पुळण रुंदावत गेली, आणि उत्तरेस रायपुरमकडील किनारा समुद्र खाऊं लागला. लाटा तिरप्या येतात व पाणी किनाऱ्यास समांतर सरकतें, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाहीं. जो प्रवाह वाळूच्या राशी हलवितो, तो माणसास हलविणार नाहीं काय? मरीनावर पोहण्यास मनाई आहे, ती याच समुद्राच्या अनुभवामुळें.

पुरीस नुलिया नांवाचे कोळी असतात. ते मूळचे तेलुगु बोलणारे असून, डोक्यावर टोंकदार टोपी घालण्याची त्यांची जुनी चाल आहे. यात्रेकरूचा हात धरून त्यास लाटेपार नेणें व परत आणणें, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मीं यात्रेस गेलों असतां ज्या नुलियानें माझा हात धरला, त्यानें मला प्रथम दहा मिनिटें कोरड्या वाळूवर उभें केलें व लाटा मोजावयास लाविलें. कांहीं लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या लाटा लागोपाठ येतात आणि मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतींत शिरावें, हें त्याचें शास्त्र. लाट अंगावर आली तर तिला छाती देऊं नये, पाठही देऊं नये; खालीं बुडी मारून तिला डोक्यावरून जाऊं द्यावें. आमच्या कोळ्यानें तिथि शिकविली, या नुलियानें उसंत शिकविली. एकाचें ज्ञान दुसऱ्याच्या किनाऱ्यावर पुरें पडत नाहीं.

ऋतूंचेंही असेंच आहे. आपल्याकडे ज्येष्ठापासून समुद्र खवळतो व नारळी पौर्णिमेस त्यास नारळ अर्पण करून कोळी बांधव पुन्हां होड्या लोटतात. ओडिशांत असा सण कार्तिकी पौर्णिमेस येतो. त्या दिवशीं लोक लहान लहान नौका पाण्यांत सोडून, जावा-बालीकडे जाणाऱ्या आपल्या जुन्या व्यापाऱ्यांचें स्मरण करितात. कारण त्या सुमारास वारा फिरतो. परंतु आश्विन-कार्तिक हाच पूर्वसमुद्रांतील चक्रीवादळांचाही काळ होय. १९९९ सालीं २९ ऑक्टोबरास ओडिशावर आलेलें महावादळ पुष्कळांस स्मरत असेल. वसंतांतही तो समुद्र निर्धास्त नसतो. २०१९ सालीं ३ मे रोजीं ‘फानी’ वादळ पुरीजवळच किनाऱ्यास लागलें. पश्चिमेस अशीं वादळें कमी, पण नाहींत असें नव्हे; २०२० सालीं ३ जून रोजीं ‘निसर्ग’ वादळानें अलिबाग-श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आणि वादळ शेंकडों किलोमीटर दूर असतांही, निरभ्र आकाशाखालीं त्याच्या लाटा किनाऱ्यावर येऊन पोंचतात, हें दोन्ही बाजूंस सारखेंच खरें आहे.

खारटपणाचाही एक फरक सांगतात. अरबी समुद्रांत दर हजार भागांत सुमारें ३६ भाग क्षार असतात. बंगालच्या उपसागराच्या उत्तरभागीं मोठ्या नद्यांच्या पाण्यामुळें पावसाळ्यानंतर हें प्रमाण ३० च्याही खालीं उतरतें. परंतु तेवढ्यानें अंग अधिक-उणें तरंगतें असें पोहणाऱ्यास जाणवत नाहीं. विहिरींत शिकलेल्यास दोन्ही समुद्र हलकेच वाटतात, आणि तेथेंच तो फसतो. विहिरीस चार हातांवर कांठ असतो. समुद्रांत पोहणें म्हणजे हातपाय मारणें एवढेंच नव्हे. पाण्याची गति ओळखून तिच्याशीं जुळवून घेणें, हें त्यांतील अर्धें काम आहे. १९६६ सालीं मिहिर सेन यांनीं सिंहलद्वीप व भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचें सुमारें ३६ किलोमीटरांचें अंतर आपलीं मराठी मुलेंमुलीही पोहून गेलीं आहेत. असें साहस बरोबर होडी व जाणते लोक घेऊन, प्रवाहाचा हिशेब करून केलेलें असतें. तें पाहून सहलीस आलेल्या मुलानें हुरळून जाण्याचें कारण नाहीं.

शेवटीं दोन्ही किनाऱ्यांस लागू असणारी एक गोष्ट सांगतों. लाटांनीं कांठाशीं आणलेलें पाणी कोठून तरी परत जावयाचें असतें. तें पुष्कळदां एका अरुंद पट्ट्यांतून वेगानें आंत जातें. या पट्ट्यावर लाटा कमी फुटतात, म्हणून अनभिज्ञास तीच जागा शांत व सुरक्षित वाटते. तेथें सांपडलेला मनुष्य सरळ कांठाकडे येऊं पाहतो व दमून बुडतो. अशा वेळीं प्रवाहाशीं झगडूं नये. तो पाण्याच्या तळाशीं खेंचीत नाहीं, केवळ आंत नेतो. अंग तरंगतें ठेवावें, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ति असेल तर किनाऱ्यास समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावें. मग लाटाच कांठाकडे आणतात. बुडणाऱ्यास वांचविण्यासाठीं न पोहणाऱ्यानें उडी घेऊं नये. दोरी, फळी, रिकामा डबा, जें तरंगेल तें त्याच्याकडे फेंकावें.

मातापित्यांनीं तर घरून निघण्यापूर्वींच एक नियम करून ठेवावा. पश्चिमेस जातांना भरतीची वेळ पंचांगावरून काढावी व तेथील कोळ्यास विचारून पक्की करावी. पूर्वेस जातांना नुलिया किंवा जीवरक्षक असेल तेथेंच, आणि त्याच्या अनुज्ञेनेंच, मुलांस पाण्यांत सोडावें. जेथें लाल-पिवळीं निशाणें रोंविलेलीं असतील, तेथें त्यांच्या मधल्याच पाण्यांत राहावें. नुसतें लाल निशाण दिसलें तर वाळूवर बसून सूर्योदय किंवा सूर्यास्त पाहावा. पूर्वसमुद्र एक देतो, पश्चिमसमुद्र दुसरा. आणि दोन्ही पाहून मुलांसह सुखरूप घरीं यावें, यापरतें यात्रेचें दुसरें फळ नाहीं.