रंगाची चिलीम

जत्रेत चिलीम घ्यायची तर कुठली, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो, रंग दिलेली घेऊ नका. दुकानदार म्हणतो, "बघा कशी चकाकतीय!" अरे बाबा, चिलमीत विस्तव ठेवायचा असतो, ती काय देव्हाऱ्यात मांडायची हाय?

आमच्या गावचा कुंभार चिलीम अर्धवट वाळली की गारगोटीनं घोटायचा. गुळगुळीतपणा त्या घोटण्यातनंच यायचा. आव्यात धूर कोंडला की काळी निघायची, मोकळी हवा मिळाली की तांबडी. कोरी भाजलेली माती ओल पिते, धुराचा चिकटा शोषते. ऑइलपेंट तापला की आधी त्याचाच वास नाकात जातो. आणि तडा असला तर तो रंगाखाली झाकतो.

मीच एकदा आबांसाठी हिरवी चकचकीत आणली होती. आबांनी टिचकी मारली. भद्द वाजली. न बोलता त्यांनी ती कोनाड्यात ठेवली अन् जुनीच भरली.

तंबाखू चांगली, असं मी म्हणत नाही. आबांचा खोकला रात्र-रात्र ऐकलाय, म्हणून मी चिलीम कधी तोंडाला लावली नाही. पण तो दोष तंबाखूचा, मातीचा नव्हे.

कुंभाराचा पोरगा आता वीटभट्टीवर मजुरीला जातो. दुकानदाराला कशाला नावं ठेवायची? चकाकीला पैसे आपणच मोजले. त्यात माझेही होते.